एमआरआय : भीती किरणांची नको, काळजी लोखंडाची घ्या

‘डॉक्टर, एमआरआयमुळे अंगात किरण जातात का हो?’ असे रुग्ण नेहमी विचारतात. या तपासणीत क्ष-किरण नसतातच. आपल्या शरीरात पाणी भरपूर असते. त्या पाण्यातील हायड्रोजन अणूचे केंद्रक स्वतःभोवती फिरणाऱ्या भोवऱ्यासारखे वागते व त्यामुळे चिमुकले लोहचुंबकच बनते. यंत्राच्या मोठ्या चुंबकात ही केंद्रके किंचित एका दिशेला कलतात. रेडिओलहरींनी त्यांना ढळवले की पूर्ववत होताना ती क्षीण संदेश देतात. त्यांवरून संगणक चित्र तयार करतो.

खरा धोका आहे तो चुंबकाचा. १.५ टेस्लाचे यंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट प्रबळ असते आणि तपासणी नसतानाही त्याची ओढ कायम असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन आत गेला. यंत्राने त्याला सिलिंडरसह खेचले. त्यात त्याचा मृत्यू झाला.

म्हणून पेसमेकर, मेंदूतील क्लिप किंवा वेल्डिंग करताना डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण याबद्दल आधीच सांगावे. किल्ल्या, नाणी, केसांच्या पिना बाहेर ठेवाव्यात. सोबतच्या नातेवाइकांनाही हाच नियम लागू आहे.