बाळ उशिरा मान धरतंय? वाट पाहत बसू नका

मागच्या बैठकीत बचतीचा हिशेब संपला आणि सहावा महिना लागलेली एक सून हळूच म्हणाली, "ताई, माझ्या नणंदेचं पोरगं तीन वर्षांचं झालं, उभं राहत नाही. डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी सांगितलं. माझ्या बाळालेही होईन काय?" बाजूची आजी लगेच बोलली, "गिऱ्हानात विळी हाती घेतली असन तिनं." नणंद तिथंच बसली होती. तिनं मान खाली घातली. म्हणून आज हाच विषय.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूचा पक्षाघात. बाळाचा मेंदू वाढत असताना, पोटात, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात, हालचाल सांभाळणाऱ्या भागाला इजा होते. विहिरीवरची मोटार चांगली असते, पण स्टार्टरकडून वीज नीट पोचत नाही, तसं समजा. हातपाय असतात, पण मेंदूचा निरोप नीट पोचत नाही. ही इजा पुढे वाढत जात नाही. हा आजार संसर्गाचा नाही आणि बहुतेक वेळा घराण्यातून येत नाही. तरी नात्यात असं मूल असेल तर डॉक्टरांना तसं सांगावं. ग्रहणाचा आणि विळीचा याच्याशी काहीही संबंध नाही.

हजार जन्मांमागे साधारण दोन-तीन बाळांना हा त्रास होतो. फार लवकर जन्मलेलं किंवा फार कमी वजनाचं बाळ, गरोदरपणातला जंतुसंसर्ग, जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडणं, वाढलेली कावीळ, मेंदूज्वर ही त्याची कारणं. कधी कधी कारण सापडतच नाही. सोनोग्राफीत हा आजार बहुधा आधी दिसत नाही. म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी पुढची काळजी सोडायची नाही.

गरोदरपणी काय करायचं? दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका. रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर तपासून घ्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना विचारून अँटी-डी इंजेक्शन घ्या. घरी कळांचं इंजेक्शन कोणाकडून घेऊ नका. नववा महिना लागायच्या आधीच कळा आल्या किंवा पाणी गेलं, तर नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष असलेलं रुग्णालय गाठा. अमरावतीला डफरीन, अकोल्याला जिल्हा स्त्री रुग्णालय. मेळघाटातल्या बायांना घाट उतरावा लागतो, म्हणून कोणत्या दवाखान्यात जायचं आणि सोबत कोण येणार, हे आठव्या महिन्यातच ठरवा. गाडीसाठी 108 किंवा 102 लावा.

बाळ झाल्यावर पहिल्याच दिवशी पिवळं दिसलं, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ दूध ओढेना किंवा सुस्त पडून राहिलं, तर नुसतं कोवळं ऊन दाखवत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता महत्त्वाची गोष्ट. चार महिन्यांनंतरही मान धरत नाही, मुठी सतत आवळलेल्या, पाय कैचीसारखे एकमेकांवर येतात, अंग फार कडक किंवा फार ढिलं, नऊ महिन्यांनंतर आधाराशिवाय बसत नाही, वर्षाच्या आत एकच हात वापरतं, यातलं काहीही दिसलं तर दाखवा. आशाताईला सांगा, अंगणवाडीत येणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकाला सांगा. ते जिल्ह्याच्या शीघ्र निदान व उपचार केंद्रात पाठवतात. बाळाचा मेंदू पहिल्या वर्षांत लवकर शिकतो, म्हणून व्यायाम आणि थेरपी जितकी लवकर सुरू होईल तितका फायदा.

त्या नणंदेनं बाळ नऊ महिन्यांचं असताना मला विचारलं होतं, "ताई, हा बसत काऊन नाही?" मी म्हटलं, "बसेल, काही लेकरं उशिरा बसतात." त्यात तिचं एक वर्ष गेलं. त्या बैठकीत मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. तुम्ही कुणाला असं उत्तर देऊ नका.

आणि निदान झालंच तर? मुंबईच्या मालिनी छिब यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली. मालिनीताई एका बोटाने टाइप करत शिकल्या, लंडनला पदव्युत्तर शिक्षण घेतलं, स्वतःचं पुस्तक लिहिलं. प्रत्येक मूल तेवढं करेल असं नाही, पण बोलता न येणं म्हणजे समजत नसणं नव्हे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 दिव्यांगत्वांत हा आजार आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. निरामय विमा योजनेतून वर्षाला एक लाखापर्यंत उपचारखर्च मिळतो, त्यात थेरपीही येते.

त्या सुनेला मी एवढंच सांगितलं: भिऊ नको, तपासण्या चुकवू नको आणि बाळ झाल्यावर शंका आली तर माझं सुद्धा ऐकू नको, थेट डॉक्टरांना विचार. आणि आजी, तिच्या नणंदेला दोष देणं आजपासून बंद.