चंद्राशी मांडलेला डाव

राणी नेफरतारी पटापुढे बसली आहे, खेळायला हात पुढे केलाय, आणि समोर कुणीच नाही. लक्झरजवळच्या राण्यांच्या खोऱ्यात तिच्या थडग्याच्या भिंतीवर हे चित्र आहे. दुसऱ्या रामसेसची ही राणी, म्हणजे गोष्ट सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची. खेळाचं नाव सेनेट.

दहा-दहा घरांच्या तीन ओळी, एकूण 30 घरं. फाशांऐवजी बहुधा चार काड्या, एका बाजूने सपाट, दुसरीकडून गोलसर. आमच्याकडे चल्लसला फोडलेले चिंचोके टाकायचे, तसंच. शेवटच्या पाच घरांवर खुणा असत. 27वं घर पाण्याचं. खेळाचे नियम लिहिलेला एकही पपायरस सापडलेला नाही, त्यामुळे आज मिळणाऱ्या संचातले नियम म्हणजे अभ्यासकांचे अंदाज. आधी ही निव्वळ करमणूक होती. पुढे तोच पट मृतात्म्याची वाट झाला. ‘मृतांचा ग्रंथ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंत्रसंग्रहाच्या 17व्या अध्यायात मृत माणूस मंडपात बसून सेनेट खेळतो. नेफरतारीचं चित्र त्याच अध्यायाचं.

देवांनाही पटाचा नाद होताच. आपल्या वेरूळच्या 21व्या लेण्यात शिवपार्वती सारीपाट मांडून बसलेत. पण इजिप्तमधला देवांचा डाव मला जास्त आवडतो, कारण मी गणिताचा मास्तर.

ती कथा ग्रीक लेखक प्लुटार्कने सांगितली आहे. आकाशदेवी नूत गरोदर राहिली. सूर्यदेवाने चिडून शाप दिला, की कुठल्याच महिन्यात, कुठल्याच वर्षात तिला मूल होणार नाही. मग थोथ या देवाने चंद्राशी पट मांडला आणि त्याच्या प्रकाशाचा सत्तरावा हिस्सा जिंकला. त्यातून पाच दिवस घडवून वर्षाच्या शेवटी जोडले. हे दिवस कुठल्याच महिन्यात नाहीत, तेव्हा शापातून पळवाट निघाली. आता 360 ला 70 ने भागून पाहा, पाचाहून थोडं जास्त येतं. बरोब्बर पाच हवे असतील तर बहात्तरावा हिस्सा हवा. असो, जुगारात सुट्टे पैसे कोण मोजतं!

इजिप्तचं वर्ष खरोखरच 30 दिवसांचे 12 महिने आणि वर पाच दिवस असं होतं. कथेत त्या पाच दिवसांत नूतची मुलं ओसिरिस, थोरला होरस, सेथ, इसिस आणि नेफ्थिस जन्मली. तिसरा दिवस सेथचा, म्हणून अशुभ. त्या दिवशी राजे कामकाज करत नसत, असं प्लुटार्क म्हणतो.

पण सौरवर्ष 365 दिवसांहून जवळजवळ पाव दिवस मोठं. त्यामुळे पंचांग दर चार वर्षांनी एक दिवस सरकायचं. इ.स.पू. 238 मध्ये तिसऱ्या टॉलेमी राजाच्या काळात पुरोहितांनी कॅनोपस या गावी ठराव केला: दर चौथ्या वर्षी सहावा दिवस जोडावा. ठराव दगडावर कोरला गेला, लोकांनी मात्र जुनंच पंचांग चालू ठेवलं. तो सहावा दिवस टिकला थेट रोमन अमलात, ऑगस्टसच्या हुकमाने.