प्रौढ अभ्यासक आणि अरबी वर्णमाला

दख्खनच्या मध्ययुगीन इतिहासाचा मराठीभाषक अभ्यासक केव्हा ना केव्हा अरबी लिपीपाशी येऊन थबकतो. नाणी, कबरींवरील लेख, फर्माने यांची भाषा कधी फार्सी, कधी अरबी. पण लिपी एकच. अशा वेळी दुसऱ्याने केलेल्या नागरी लिप्यंतरावर विसंबणे सोयीचे वाटते. तथापि त्या सोयीची किंमत मोजावी लागते. साहेब, सबब आणि साबीत या तीन शब्दांतील ‘स’ मराठीत एकच असला, तरी मूळ अरबीत तेथे अनुक्रमे साद, सीन आणि से अशी तीन निराळी अक्षरे आहेत. जकात, जिम्मा, जरूर आणि जुलूम यांच्या आरंभी तर चार भिन्न अक्षरे असून त्या सर्वांची बोळवण एका ‘ज’वर झाली आहे. एकदा पुसला गेलेला हा भेद नागरी प्रतीवरून परत मिळवता येत नाही. मूळ लेख स्वतः वाचणे हाच मार्ग उरतो, आणि त्यासाठी चाळिशी उलटलेल्या माणसालाही पुन्हा पाटीवर बसावे लागते.

पहिली भीती आकड्यांची असते. अक्षरे २८, प्रत्येकाचे सुटे, आरंभीचे, मधले व शेवटचे असे चार आकार, म्हणजे शंभराहून अधिक आकृत्या पाठ करावयाच्या, असा हिशेब प्रौढ अभ्यासक मनाशी मांडतो. हा हिशेब चुकीचा आहे. सुट्या अक्षरांचे मूळ सांगाडे केवळ १८ आहेत आणि शब्दाच्या मध्यभागी त्यांतलेही काही एकरूप होऊन १५ उरतात. बाकीचा भेद नुक्त्यांचा. अलिफ, दाल, जाल, रे, जे आणि वाव ही सहा अक्षरे पुढल्या, म्हणजे डावीकडल्या, अक्षराशी जुळत नाहीत. त्यामुळे त्यांचे आकार दोनच. कोष्टकातील सुटी अक्षरे घोकण्यापेक्षा दोन-तीन अक्षरी शब्द उजवीकडून डावीकडे, हात न उचलता लिहिणे अधिक फलदायी ठरते, कारण या लिपीत जोडणी हा अलंकार नसून अक्षराचे अंगच आहे. नुक्ते मात्र शब्द पुरा झाल्यावर द्यावयाचे असतात.

नुक्त्याचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन लहान दात व शेवटी पसरट होडी एवढाच सांगाडा घेतला, तर नुक्त्यांच्या फरकाने तो बिन्त (मुलगी), बैत (घर), नबत (उगवले) किंवा सबत (टिकून राहिले) असा वाचता येतो. यांपैकी शेवटचा शब्द मराठी ‘साबीत’चे मूळ होय. हा घोटाळा लिपीच्या इतिहासातून आलेला आहे. अरबी लिपी नबाती लिपीतून, म्हणजे अंती २२ अक्षरांच्या अरमाईक कुळातून, घडत आली. जलद लेखनात कित्येक आकार एकमेकांत मिसळले, आणि अरबीला २८ व्यंजने हवी होती. नुक्त्यांनी ही अडचण निवारली. हिजरी २२, म्हणजे इ. स. ६४३ मधील, मेंढ्यांच्या पावतीचा जो पपायरस व्हिएन्नात आहे, त्यातही काही अक्षरांवर नुक्ते आढळतात. पण ते देण्याची सक्ती नव्हती. जुने कूफी लेख आणि घाईचे दफ्तरी लेखन त्यांवाचून चालत असे.

इतिहाससंशोधकास याची झळ कालगणनेत लागते. अब्जद पद्धतीत प्रत्येक अक्षराला अंकमूल्य असते आणि शब्दातील मूल्यांच्या बेरजेतून वर्ष सुचवले जाते. जीम, बडी हे आणि खे यांचा सांगाडा एकच. पण त्यांची मूल्ये ३, ८ आणि ६००. खेवरचा नुक्ता झिजला व ते अक्षर बडी हे म्हणून मोजले गेले, तर बेरीज ५९२ने घटते.

नागरीच्या सवयीचा खरा अडसर मात्र स्वरांचा आहे. नागरी व्यंजनात ‘अ’ अंगभूत असतो. अरबी अक्षर निखळ व्यंजन असते. त्यामुळे काफ-ते-बे ही तीन अक्षरे दिसताच मराठी वाचक नकळत ‘कतब’ म्हणून मोकळा होतो. वस्तुतः तेथे कतब (त्याने लिहिले), कुतिब (लिहिले गेले) वा कुतुब (पुस्तके) यांपैकी काहीही असू शकेल. ऱ्हस्व स्वरांच्या खुणा आहेत, परंतु त्या कुराणात व बालपुस्तकांत. व्यवहारातील लेखनात त्या गाळतात. ऱ्हस्वदीर्घ न पाळणारी, शब्द न तोडता लिहिलेली मोडी ज्याने वाचली आहे, त्याला संदर्भाने वाचण्याची ही रीत अगदीच परकी वाटू नये.

येथे प्रौढाचा शब्दसंग्रह त्याच्या मदतीला येतो. हासील, महसूल, तहसील हे शब्द त्याच्या जिभेवर आहेतच; अरबी अक्षरांत ते पाहताच तिन्हींत बडी हे, साद, लाम ही त्रयी उघडी पडते व धातूवरून शब्द घडण्याची रीत व्याकरणाआधीच डोळ्यांना कळते. (‘वसूल’ मात्र या कुळातला नव्हे, त्याचा धातू वाव, साद, लाम.)

उच्चारांची गोष्ट निराळी. तोय म्हणजे ‘ट’ नव्हे आणि अरबांच्या उच्चारातील से म्हणजे ‘थ’ही नव्हे, या सारखेपणाने फसवणूकच होते. तरीही कंठ्य, तालव्य, दंत्य या विभागणीत वाढलेल्याला एक आश्वासक गोष्ट आढळते. आठव्या शतकातील खलील इब्न अहमद याच्या ‘किताबुल-ऐन’ या कोशाचा क्रम उच्चारस्थानांप्रमाणे असून तो घशातील ऐनपासून निघून ओठांकडे येतो.

आरंभ नस्ख वळणापासून करावा. उर्दू व फार्सी पुस्तकांतील नस्तालीक देखणे असले, तरी त्यात शब्द उतरत्या रेषेवर एकमेकांवर चढतात आणि नवख्याची नजर आधारासाठी ओळ शोधत राहते. आकडे मात्र सुखाचे: अरब त्यांना ‘हिंदी’च म्हणतात, ते डावीकडून उजवीकडे मांडले जातात, आणि मराठी ‘पंचवीस’प्रमाणेच अरबीतही आधी पाच, मग वीस.