दंतोलूखल : दातांखालच्या हाडाची कहाणी

चरकसंहितेच्या शारीरस्थानात मानवी देहातील तीनशे साठ अस्थींची गणना केलेली आहे. तीत बत्तीस दात आहेत आणि त्यांखेरीज बत्तीस ‘दंतोलूखले’ वेगळी मोजली आहेत. उलूखल म्हणजे आपले उखळ. दात ज्या खोबणीत रोवलेला असतो, ती त्या दाताचे उखळ. आधुनिक शरीरशास्त्र दाताला हाड मानीत नाही आणि त्याच्या खोबणीला स्वतंत्र अस्थीही मानीत नाही. तरीही दाताइतकाच मान त्याच्या उखळाला देणारी ही दृष्टी मला फार अर्थपूर्ण वाटते. जन्मभर मी विद्यार्थ्यांना दंत्य वर्ण शिकविले. त, थ, द, ध उच्चारताना जिभेचे टोक कोठे टेकते ते दाखविले. परंतु हे दात उभे कशात आहेत, हा प्रश्न मला पडला तो सत्तरी ओलांडल्यावर, आणि तोही दंतवैद्याच्या खुर्चीत.

बारा वर्षांपूर्वी माझी खालची डावी दाढ काढावी लागली. ‘बत्तिशीतली एक गेली तर काय बिघडले?’ असे म्हणून मी गप्प बसलो. पुढे चावण्याची अडचण होऊ लागली, तेव्हा तेथे कृत्रिम दात रोवून घ्यावा म्हणून गेलो. डॉक्टरांनी त्रिमिती क्ष-किरण चित्र समोर धरले आणि म्हणाले, “सर, रोवायचा कशात? हाडच उरलेले नाही.”

ते हाड गेले कोठे? जबड्याच्या हाडाचा जो उंचवटा दातांना धरून असतो, तो दातांबरोबर वाढतो आणि दातांसाठीच जगतो. दाताचे मूळ आणि खोबणीची भिंत यांच्यामध्ये सूक्ष्म तंतूंची एक गादी असते. प्रत्येक घास चावताना तिच्यावाटे हाडाला ताण पोहोचतो. ज्या हाडावर भार पडतो ते टिकते आणि ज्यावर पडत नाही ते झिजते, हे तत्त्व जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ साली मांडले. दात निघाला की तो ताण थांबतो. अस्थिभक्षक पेशी हाड विरघळवू लागतात आणि अस्थिजनक पेशींना ती तूट भरून काढता येत नाही. झीज सर्वाधिक होते ती गालाच्या किंवा ओठाच्या बाजूला, कारण तेथील भिंत मुळातच पातळ. पुढच्या दातांपाशी तर बहुधा एक मिलिमीटरहूनही कमी. दात काढल्यापासून वर्षभरात त्या जागेची सुमारे निम्मी रुंदी जाते आणि त्यातलाही मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच. माझी तर बारा वर्षे गेली होती.

येथे माझ्या थोरल्या बहिणीची आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. आक्काला मिश्रीची सवय होती. चाळिशीतच हिरड्या सुजल्या, दात हलू लागले आणि पन्नाशीपर्यंत तोंडाचे बोळके झाले. कवळी केली, पण कवळी बसते ती हाडाच्या उंचवट्यावरच, आणि तिच्या दाबाने तोच उंचवटा आणखी झिजत जातो. खालचा जबडा वरच्याच्या सुमारे चौपट झिजतो, असे आंत्ये टालग्रेन यांच्या १९७२ सालच्या पंचवीस वर्षांच्या पाहणीत आढळले. आक्काची खालची कवळी पुढे वाटीतच राहू लागली. भाकरी दुधात कुस्करून खाणे एक वेळ चालले; पण आपण बोललेले नातवंडांना कळत नाही, म्हणून ती बोलणेच कमी करीत गेली. वर्णोच्चार शिकविणाऱ्या भावाला यामागचे कारण तेव्हा उमगले नाही, याची खंत मला आजही आहे.

आता कृत्रिम दाताविषयी. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रॉनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी हाडात बसविलेली टायटॅनियमची नळी काम संपल्यावर निघेना. हाड त्या धातूशी एकजीव झाले होते. पुढे १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू रोवले आणि ते त्या गृहस्थांच्या अखेरपर्यंत, चाळीस वर्षांहून अधिक काळ, टिकले. मात्र स्क्रू तीन-चार मिलिमीटर जाडीचा असला, तरी त्याच्या सभोवार किमान एक-दीड मिलिमीटर जिवंत हाड हवे. खाली खोल जावे तर खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते; वरच्या दाढांवर गालफडातील हवेची पोकळी असते.

म्हणून आधी उखळ बांधावयाचे, मग मुसळ. हाडाचा चुरा त्या जागी भरतात. तो रुग्णाच्याच हनुवटीतून किंवा जबड्याच्या मागच्या भागातून काढलेला असेल, तर त्यात जिवंत पेशीही असतात. दुसरा मार्ग मृत दात्याच्या, प्रक्रिया केलेल्या हाडाचा. तिसरा जनावराच्या, बहुधा गाईबैलांच्या, हाडातील सेंद्रिय भाग काढून उरलेल्या खनिजाचा. आणि चौथा कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटचा. आपल्याकडे पुष्कळांना तिसऱ्या प्रकाराविषयी संकोच वाटेल. तो वाटणाऱ्याने आधीच विचारावे, पर्याय असतात. मी विचारले आणि डॉक्टरांनी न हसता उत्तर दिले, हे मला आवडले. हा चुरा म्हणजे नवे हाड नव्हे. वेलाला मांडव, तसा तो. त्याच्या आधाराने रक्तवाहिन्या आणि पेशी आत शिरतात आणि काही महिन्यांत स्वतःचे हाड घडवितात.

यात एक अडचण असते. हिरडीच्या पेशी फार वेगाने वाढतात आणि हाडाची जागा बळकावून बसतात. तेव्हा चुऱ्यावर एक पातळ पडदा घालून त्यांना थोपवून धरावे लागते. शेतात उगवण होईपर्यंत कुंपण घालतात, तसेच हे. हा विचार प्रथम नैसर्गिक दातासाठी वापरला गेला. १९८२ साली स्टूरे न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरडीच्या रोगाने आधार गमावलेल्या एका दाताभोवती असा अडसर घालून, मुळाला नव्या तंतूंची जोड मिळते, हे दाखविले. म्हणजे हलणारा प्रत्येक दात काढलाच पाहिजे असे नाही. मुळालगत खोल खळगा पडला असेल आणि त्याच्या दोन-तीन भिंती शाबूत असतील, तर तो पुष्कळ अंशी भरून येतो. सगळीकडे सारखी उतरलेली हाडाची पातळी मात्र अजूनही सहसा वर चढविता येत नाही. आक्काचे नुकसान बहुतांशी या दुसऱ्या जातीचे असावे.

वरच्या दाढांच्या जागी त्या पोकळीचे नाजूक अस्तर अलगद वर उचलून खाली चुरा भरतात. ही रीत १९७०च्या दशकात अमेरिकेत सुरू झाली. त्यात सहा ते नऊ महिने थांबावे लागते.

तंबाखू आणि आटोक्यात नसलेला मधुमेह हे या साऱ्या खटाटोपाचे मोठे वैरी. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही औषधे दिली जातात. ती घेणाऱ्यांनी दात काढण्यापूर्वीच डॉक्टरांना तसे सांगावे, कारण क्वचित जबड्याची जखमच भरून येत नाही. दात काढणे अटळच असेल, तर त्याच बैठकीत खोबण भरून घेता येईल का, हेही विचारून ठेवावे. झीज त्याने पुरती थांबत नाही, कमी होते. बारा वर्षांपूर्वी हा प्रश्न मला सुचला नाही.

माझ्या जबड्याची केवळ रुंदी गेली होती, उंची पुरेशी होती. त्यामुळे काम तुलनेने सोपे ठरले. चुरा भरून, पडदा घालून टाके घातले. आठवडाभर गाल सुजलेला होता आणि घरच्यांना माझे मौन लाभले. सहा महिन्यांनंतरच्या चित्रात जुने हाड कोठे संपते आणि नवे कोठे सुरू होते, ते मला ओळखता आले नाही; डॉक्टरांनी पेन्सिलीने रेघ ओढून दाखविले. पुढील महिन्यात स्क्रू बसेल, आणि तो हाडाशी एकजीव झाल्यावर, आणखी तीनेक महिन्यांनी, त्यावर दाढ चढेल.