धूर नसलेलं प्रदूषण

नायट्रोजन ऑक्साइड डिझेलमध्ये नसतात, ते हवेतून येतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन. एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये तापमान दीड हजार अंश सेल्सिअसच्या वर गेलं, की तोच ऑक्सिजनशी जुळतो आणि सायलेन्सरमधून बाहेर पडतो. पुढे त्यातून जमिनीलगतचा ओझोन आणि नायट्रेटचे सूक्ष्म कण तयार होतात. दमेकऱ्यांना दोन्ही बाधतात.

इंजिन बनवणाऱ्यांची पंचाईत अशी, की ज्वलन कडक असेल तर काजळी कमी आणि मायलेज चांगलं, पण नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. ज्वलन थंड करावं तर काजळी वाढते. पेट्रोल गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इथे कामाचा नाही. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन भरपूर शिल्लक असतो आणि तो नायट्रोजन ऑक्साइडच्या वाट्याची रसायनं आधीच फस्त करतो. अमोनिया मात्र योग्य उत्प्रेरकाच्या संगतीत या गर्दीतही नेमका नायट्रोजन ऑक्साइडलाच गाठतो.

ट्रकवर अमोनिया वाहणं धोक्याचं, म्हणून युरिया. ३२.५ टक्के युरिया, बाकी क्षारमुक्त पाणी: हेच डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, म्हणजे डीईएफ, ड्रायव्हर मंडळींच्या तोंडी नुसतं ‘युरिया’. या प्रमाणात ते सर्वांत उशिरा, उणे ११ अंशांवर गोठतं. गरम धुरात फवारलं की त्याचा अमोनिया होतो आणि तांबं असलेल्या झिओलाइटच्या किंवा व्हॅनेडियमच्या उत्प्रेरकावर विषारी वायूचा पुन्हा साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ होते. धूर साधारण २०० अंशांच्या खाली असेल तर मात्र हे काम अडतं: फवारा चालू ठेवला तर पाइपात पांढरे खडे जमतात. थांब्याथांब्याला थबकणारी शहरी बस म्हणूनच अवघड गिऱ्हाईक.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं. जड वाहनांना किलोवॉट-तासामागे ३.५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, ती अर्ध्या ग्रॅमच्या आत आली. ही उडी युरियाशिवाय मारणं फार कठीण. शंभर लिटर डिझेलमागे साधारण तीन ते पाच लिटर डीईएफ लागतं. टाकी रिकामी होत आली की इशारा येतो, मग गाडीची ताकद कमी केली जाते. खर्च मालकाचा, फायदा गावाचा! मग कुणी खताच्या गोणीतला युरिया पाण्यात कालवतो. तो कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला, अशुद्ध. त्याने नोझल तुंबतं, उत्प्रेरक निकामी होतो. कुणी सेन्सरला फसवणारी डबी बसवतो.

फसवणूक फक्त ढाब्यावरच्या मेकॅनिकची असते असंही नाही. २०१५ साली अमेरिकेत फोक्सवॅगनचं प्रकरण उघडकीस आलं. चाचणी चालू आहे हे गाडीचं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं सभ्य वागायचं. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते होतं.

आपल्याकडची डिझेल गाडीची पीयूसी चाचणी धुराचा दाटपणा मोजते, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाही. बीएस-६ ट्रकला काजळीची गाळणी असल्याने धूर तसाही नसतो. त्यामुळे युरियाची टाकी कोरडी आणि सेन्सर फसवलेला असा ट्रकही ऐटीत प्रमाणपत्र घेऊन जाऊ शकतो. रस्त्याकडेला प्रकाशकिरण सोडून, जाणाऱ्या गाडीच्या धुरातले वायू ओळखणारी यंत्रं उपलब्ध आहेत. नियम एवढा कडक केला, तर तपासणीही त्याच वायूची हवी.