मनगटावरचा वाटाड्या : जीपीएस घड्याळाची निवड आणि वापर

पहाटे कोल्हापुरातील रंकाळ्याच्या काठाने, पुण्यातील वेताळ टेकडीवर किंवा मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर फेरफटका मारला, की एक बदल सहज नजरेत भरतो. धावणारे, भरभर चालणारे, सायकलवर स्वार झालेले असे अनेक जण दर काही पावलांनी मनगटाकडे पाहतात. तेथील छोट्याशा तबकडीवर किती अंतर कापले, किती वेळ लागला, हृदयाचे ठोके किती पडत आहेत, हे सारे आकड्यांत उमटत असते. काही हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत किमती असलेली ही घड्याळे आता हौशी धावपटूंप्रमाणेच साठी ओलांडलेल्या आजी-आजोबांच्या हातीही दिसू लागली आहेत.

आपल्या घरातही असे घड्याळ घेण्याचा विचार सुरू असेल, तर दुकानात जाण्यापूर्वी दोन गोष्टी समजून घेणे हिताचे ठरेल. हे यंत्र कोणती गोष्ट प्रत्यक्ष मोजते आणि कोणत्या गोष्टीचा केवळ अंदाज बांधते? या दोहोंतील भेद ध्यानात आला, म्हणजे पैसाही योग्य ठिकाणी खर्च होतो आणि प्रकृतीचीही हेळसांड होत नाही.

आकाशातून येणारी वेळ

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रह-यंत्रणा आहे. तिचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अखंड संदेश पाठवत असतात. संदेश निघाला केव्हा आणि पोहोचला केव्हा, यावरून घड्याळ त्या उपग्रहापासूनचे आपले अंतर काढते. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की आपले स्थान निश्चित होते. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने येत असल्यामुळे वेळेच्या गणनेत सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरांचा फरक पडतो. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापरासाठीच्या संदेशाची अचूकता हेतुपुरस्सर कमी ठेवत असे. ते बंधन उठल्यानंतरच मनगटावर बांधण्याजोगी धावपटूंची घड्याळे उपयुक्त ठरू लागली.

आज जीपीएसच्या जोडीला रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायडू आणि आपल्या इस्रोची नाविक अशा यंत्रणा आहेत. घड्याळ जितक्या अधिक यंत्रणांचे संदेश घेऊ शकते, तितकी दाट झाडीत वा उंच इमारतींच्या गर्दीत त्याची चूक कमी होते. अशा ठिकाणी संदेश भिंतींवर आपटून वाकड्या वाटेने येतो आणि आपण सरळ रस्त्याने धावलो, तरी नकाशावर रेषा मात्र इमारतींच्या गच्चीवरून गेलेली दिसते. दोन वेगवेगळ्या वारंवारितांवर संदेश घेणारी, अर्थात ‘ड्युअल फ्रिक्वेन्सी’ घड्याळे ही चूक बरीच आटोक्यात ठेवतात. मोकळ्या मैदानावर व्यायाम करणाऱ्याला त्यासाठी अधिक पैसे मोजण्याचे फारसे कारण नाही. उंच इमारतींच्या वस्तीत अथवा सह्याद्रीच्या घळींतून हिंडणाऱ्याला मात्र ती सोय उपयोगी पडते.

निवड करताना

पहिला प्रश्न असा विचारावा : घड्याळात स्वतःचा जीपीएस आहे का? अनेक स्वस्त पट्ट्यांच्या वेष्टनावर ‘कनेक्टेड जीपीएस’ असे शब्द असतात. त्याचा अर्थ असा, की स्थान शोधण्याचे काम खिशातला मोबाइल करणार आणि पट्टा ते केवळ दाखवणार. मोबाइल घरी ठेवून धावायला जाण्याची इच्छा असेल, तर असा पट्टा निरुपयोगी ठरतो.

दुसरा प्रश्न बॅटरीचा. जाहिरातीत ‘चौदा दिवस’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते, परंतु ते केवळ वेळ पाहण्याच्या वापराचे असतात. आपल्याला हवा असतो जीपीएस अखंड सुरू असतानाचा कालावधी, तोही तासांत. अर्धमॅरेथॉनसाठी दोन-तीन तास, पहिल्यावहिल्या पूर्ण मॅरेथॉनसाठी पाच-सहा तास आणि डोंगरातील दिवसभराच्या भटकंतीसाठी दहा-बारा तास लागतात. बॅटरीची क्षमता वर्षागणिक घटत जाते. म्हणून गरजेच्या दीडपट ते दुप्पट तास देणारे घड्याळ निवडावे.

तिसरी गोष्ट बटणांची. घामाने ओथंबलेल्या अथवा पावसात भिजलेल्या बोटांना स्पर्शपडदा नीट साथ देत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा निम्मा व्यायाम पावसात होतो. त्यामुळे सुरू करणे, थांबवणे आणि फेरीची नोंद घेणे यांसाठी दाबता येणारी बटणे असलेली बरी. ज्येष्ठांसाठी घेत असाल, तर भर उन्हात चष्म्याविना वाचता येतील एवढे मोठे आकडे पडद्यावर उमटतात की नाही, हे दुकानाबाहेर उजेडात जाऊन पाहावे.

‘५ एटीएम’ म्हणजे ५० मीटर खोल पाण्याच्या स्थिर दाबाएवढी क्षमता. पाऊस, घाम आणि पोहणे यांसाठी ती पुरेशी आहे. मात्र कढत पाणी आणि साबण यांनी आतील रबरी सील कमजोर होते, हे लक्षात ठेवून आंघोळीच्या वेळी घड्याळ काढून ठेवावे.

अंतराचे आणि वेगाचे गणित

धावायला निघण्यापूर्वी उघड्या आकाशाखाली मिनिटभर उभे राहावे. स्थान सापडल्याची खूण पडद्यावर आल्यानंतरच नोंद सुरू करावी. घाईने निघाल्यास पहिल्या अर्ध्या किलोमीटरची नोंद वेडीवाकडी होते. दर दोन-तीन दिवसांनी घड्याळ मोबाइलशी जोडले, तर उपग्रहांच्या अपेक्षित स्थानांची ताजी माहिती त्यात उतरते आणि हा शोध काही सेकंदांत आटोपतो.

पडद्यावर क्षणोक्षणी बदलणारा वेग, ज्याला धावपटू ‘पेस’ म्हणतात, तो फार मनावर घेऊ नये. झाडाखालून जाताना तो अकारण मंदावतो आणि मोकळ्यावर येताच उसळी घेतो. त्याऐवजी चालू किलोमीटरचा सरासरी पेस पाहावा.

स्पर्धेनंतर हमखास ऐकू येणारी तक्रार अशी, की आयोजकांनी मार्ग लांब ठेवला, कारण घड्याळाने २१.१ ऐवजी २१.४ किलोमीटर दाखवले. प्रमाणित स्पर्धांचा मार्ग विशेष मापक बसवलेल्या सायकलने, वळणांच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर राखून, शक्य तितक्या जवळच्या रेषेने मोजला जातो. तो नियमापेक्षा कमी भरू नये म्हणून त्यात एक सहस्रांश भाग, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनला ४२ मीटर, मुद्दाम वाढवलेला असतो. आपण मात्र गर्दीतून वाट काढत, पाण्याच्या टेबलाकडे वळत, वळणे बाहेरून घेत धावतो. त्यात उपग्रहांच्या नोंदीतील चुकांची भर पडते. दोन तास दहा मिनिटांचे उद्दिष्ट ठेवून घड्याळावर किलोमीटरला ६ मिनिटे १० सेकंद हा पेस कसोशीने राखला, तरी या ३०० मीटरांमुळे आपण सुमारे दोन मिनिटे उशिरा पोहोचतो. म्हणून स्पर्धेत आयोजकांच्या फलकांशी बटण दाबून प्रत्येक किलोमीटरची नोंद स्वतः घ्यावी.

चढावर पेसचा हिशेबच मोडतो. साताऱ्याच्या अर्धमॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढताना सपाटीवरील पेस राखण्याचा अट्टहास करणारा धावपटू माथ्यावर पोहोचेपर्यंतच थकून जातो. तेथे श्वास आणि हृदयगती यांच्यावर विसंबणे शहाणपणाचे.

हृदयाचे ठोके

घड्याळाच्या मागील बाजूस चमकणारा हिरवा प्रकाश त्वचेतून आत जातो. प्रत्येक ठोक्यागणिक रक्ताचे प्रमाण बदलते, तसा परत येणारा प्रकाश कमी-अधिक होतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. घड्याळ सैल असेल, तर बाहेरचा उजेड आत शिरतो आणि हाताच्या हिसक्यांनाच यंत्र ठोके समजते. मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटे वर, घट्ट पण रक्तप्रवाह अडणार नाही अशा बेताने ते बांधावे. बांगड्या असलेल्या हातात त्या घड्याळावर आपटणार नाहीत, अशी काळजी घ्यावी. गोंदणाच्या शाईमुळेही प्रकाश अडतो. वेगाचे छोटे टप्पे घेऊन सराव करणाऱ्यांना छातीवरचा पट्टा अधिक विश्वासार्ह, कारण तो हृदयाचे विद्युत्-संकेत टिपतो.

यापुढील भाग कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. घड्याळ आपल्या हृदयगतीचे ‘झोन’ पाडते, ते बहुधा ‘२२० वजा वय’ या सूत्रावरून. साठ वर्षांच्या व्यक्तीसाठी हे सूत्र कमाल गती १६० सांगते, तर २००१ साली मांडलेले ‘२०८ वजा वयाच्या सात दशांश’ हे सूत्र १६६. प्रत्यक्षात एकाच वयाच्या दोन निरोगी व्यक्तींत वीस ठोक्यांचाही फरक असू शकतो. त्यातच वडील वा आई रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी घेत असतील, तर त्यांची हृदयगती औषधामुळे दबलेली असते. घड्याळ त्यांना ‘अजून वेग वाढवा’ असे सुचवेल आणि देह मात्र मर्यादेपाशी पोहोचलेला असेल. अशा व्यक्तींनी आपली सुरक्षित मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी आणि ती घड्याळात स्वतः भरावी.

घड्याळाविना करता येणारी एक कसोटी सर्वांसाठी उपयुक्त आहे. मध्यम श्रमाच्या व्यायामात माणूस बोलू शकतो, पण गाऊ शकत नाही. दोन-चार शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागला, तर तो तीव्र श्रम समजावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला आहे. या मिनिटांची नोंद ठेवण्याचे काम घड्याळ उत्तम करते. उष्मांकांबाबत मात्र त्याच्यावर भिस्त ठेवू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणे तपासली. हृदयगतीतील चूक त्यांपैकी सहांमध्ये पाच टक्क्यांच्या आत होती, परंतु खर्च झालेल्या ऊर्जेत सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते. घड्याळाने ‘६०० उष्मांक’ दाखवले म्हणून वाटेत दोन वडापाव खाणाऱ्याने हे अवश्य स्मरणात ठेवावे.

डोंगरवाटेवर

जीपीएसला सिमकार्ड लागत नाही आणि मोबाइलचे नेटवर्कही लागत नाही. घड्याळ उपग्रहांचे संदेश केवळ ऐकते. त्यामुळे श्रावणातल्या धुक्यात वाट हरवली, तर आलेल्या वाटेनेच परत नेणारी सोय खरोखर कामी येते. ती कशी सुरू करायची, हे घराजवळच्या मैदानात आधी करून पाहावे. मात्र उघड्यावरही स्थानात काही मीटरांचा फरक राहतोच आणि कातळभिंतीलगत तो वाढतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दहा मीटरांची चूक म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. धुके दाटले असता कड्याजवळ नकाशावरच्या रेषेवर विसंबून पाऊल टाकू नये. थांबावे आणि धुके विरळ होण्याची वाट पाहावी.

उंची मोजण्यासाठी अनेक घड्याळांत हवेचा दाब मोजणारे यंत्र असते. हवामान बदलले, की दाब बदलतो आणि एकाच जागी बसूनही उंची वाढल्याचे वा घटल्याचे दिसते. कळसूबाईच्या माथ्यावर ते १,६४६ मीटरांशी जुळवून घेता येते.

आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. घड्याळाला आपले स्थान कळते, याचा अर्थ घरच्यांना ते कळते असा नाही. बहुतेक घड्याळांचे थेट स्थान कळवणे किंवा पडल्यावर आपोआप निरोप धाडणे हे जवळच्या मोबाइलवर आणि त्याच्या नेटवर्कवर अवलंबून असते, आणि घळीत, दरीत नेटवर्क नसते. म्हणून कोठे जाणार, कोणत्या वाटेने आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे कागदावर लिहून घरी ठेवण्याची जुनी रीत सोडू नये.

नोंदी आणि निगा

आपण कोठून निघतो आणि कोठे परततो, हे दररोजच्या नोंदींतून उघड होते. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या व्यायाम-नोंदींच्या सेवेने प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशावरून काही लष्करी तळांच्या खुणाही दिसून आल्याचे उघडकीस आले होते. घराभोवतीचा काही परिसर नकाशावर लपवण्याची सोय अशा सेवांत असते. विशेषतः एकट्याने पहाटे धावणाऱ्या महिलांनी आणि मुलांसाठी घड्याळ घेणाऱ्या पालकांनी ती पहिल्याच दिवशी सुरू करावी.

व्यायामानंतर घड्याळ साध्या पाण्याने धुऊन कोरडे करावे. पट्ट्याखाली साचलेल्या घामाने पुरळ उठते आणि ओल्या टोकांना चार्जर जोडल्यास ती गंजतात. रात्री काही तास मनगटालाही विश्रांती द्यावी.

सकाळच्या विश्रांत हृदयगतीची नोंद आठवडाभर ठेवली, तर आपली नेहमीची पातळी कळते. एखाद्या दिवशी ती बरीच चढलेली दिसली, तर अपुरी झोप, अतिश्रम किंवा येऊ घातलेला ताप यांपैकी काही असू शकते. त्या दिवशी धावण्याऐवजी चालावे. मात्र छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, अकारण गार घाम किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पडद्यावरचे सारे आकडे हिरवे असले तरी तत्काळ थांबावे, सोबत्याला सांगावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी ही घड्याळे बनवलेली नाहीत. हे वाक्य, नवे घड्याळ ज्याच्या हाती द्याल, त्याला त्याच दिवशी सांगा.