भरतपूरला वाघ नाही, मग आहे काय?

दिल्ली-आग्र्याची सहल आखताना भरतपूरचं नाव निघालं की पहिला प्रश्न ठरलेला: "वाघ दिसतो का?" नाही म्हटलं की बेत बारगळतो. रणथंभोरचा एक वाघ २०१० मध्ये वाट चुकून इथे मुक्कामाला आला होता खरा, पण त्याला पकडून सरिस्काला धाडलं. भरतपूरचं केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं, बोरिवलीच्या उद्यानाच्या साधारण एक तृतीयांश. तेवढ्यात साडेतीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. शिवाय सांबर, चितळ, नीलगाय, आणि थंडीत ऊन खायला बिळाबाहेर येणारे अजगर.

इथली पाणथळ जागा निसर्गानंच घडवली, असं बहुतेकांना वाटतं. निसर्गाचा वाटा एवढाच की जमीन खोलगट होती. अठराव्या शतकात महाराजा सूरजमलनं अजान बांध घातला आणि पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानानं बांध, पाट, झडपा करून पाणी खेळवलं, तेही बदकांच्या शिकारीसाठी. केवलादेवाच्या देवळाजवळ दगडी पाट्या आहेत: तारीख, पाहुणा कोण, बंदुका किती, पक्षी किती. सगळा हिशेब चोख. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगोच्या एका शिकारीत ४,२७३ पक्षी पडले. गाइड घाईत असला तरी या पाट्या वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

"गुरं आणि माणसं बाहेर काढली की जंगल आपोआप सुधारतं" हा समज मात्र जास्त महागात पडला. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाल्यावर १९८२ मध्ये म्हशींची चराई बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या इथे गुरं चारणारे गावकरी चिडले, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं मेली. त्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा दीर्घ अभ्यास इथे चालू होता. त्यातून निघालं ते उलटंच. म्हशी पाण्यात उतरून जे गवत खात होत्या ते आता मोकाट वाढलं, उथळ तळी त्यानं भरून गेली, बदकांना पोहायला उघडं पाणी उरेना. म्हशी पक्ष्यांच्या उपयोगीच पडत होत्या! पुढे गावकऱ्यांना गवत कापून न्यायची मुभा दिली गेली आणि उद्यानभर माजलेली वेडी बाभूळ उपटायलाही त्यांचीच मदत घ्यावी लागली. माझ्या मते भरतपूरचा खरा धडा पक्ष्यांपेक्षा या म्हशींचा आहे. आपल्याकडच्या माळरानांवर सरसकट कुंपण घालू पाहणाऱ्यांनी तो जरूर गिरवावा.

पांढरेशुभ्र सायबेरियन क्रौंच बघायला म्हणून जाणार असाल तर आधीच सांगतो, ते आता येत नाहीत. १९६०च्या दशकात दोनशेच्या आसपास येत. वाटेतल्या देशांतली शिकार आणि आटत गेलेल्या पाणथळी यांमुळे घटत घटत २००१-०२च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. त्यांच्या नावावर दाखवला जातो तो बहुधा सारस. तोही देखणाच, पण इथला रहिवासी, आणि आपल्या गोंदियातही आहे.

भरतपूर म्हणजे फक्त हिवाळा, हाही अर्धाच खरा समज. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब आणि उत्तरेकडची बदकं बघायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण ऑगस्ट ते ऑक्टोबर जा, म्हणजे आपल्याच देशातल्या पक्ष्यांचा संसार दिसेल. पाण्यात उभ्या बाभळींवर रंगीत करकोचे, पाणकावळे, बगळे, चमचे यांची घरटी एकमेकांना खेटून असतात. पिल्लांचा गलका कानठळ्या बसवतो, आणि वास? तोही सोसायची तयारी ठेवा.

मात्र दरवर्षी हे असंच दिसेल, याची खात्री नाही. अजान बांधात पाणी येतं ते गंभीर नदीचं, आणि वरच्या अंगाला करौली जिल्ह्यात पांचना धरण झाल्यापासून त्यावर शेतकऱ्यांचाही हक्काचा दावा आहे. कोरड्या वर्षांत तळ्यांत भेगा पडल्या. आता चंबळचं पाणी नळानं आणतात, शिवाय गोवर्धन ड्रेन या कालव्याचंही घेतात. त्यानं तळी भरतात, पण पुराच्या पाण्याबरोबर माशांची जी पिल्लं वाहत येत ती नळातून कुठून येणार? आणि मासे नसतील तर करकोचे घरटी कशाला बांधतील!

राहिली जीपची गोष्ट. इथे जीपसफारी नाही. सायकल, रिक्षा किंवा आपले पाय. रिक्षा चालवणाऱ्यांना पक्ष्यांची रीतसर ओळख करून दिलेली आहे, आणि बाभळीच्या ढोलीतलं घुबड तुमच्या महागड्या दुर्बिणीआधी त्यांनाच दिसतं. मुंबईहून मथुरेकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या भरतपूरला थांबतात, आग्र्याहून रस्त्यानं पंचावन्न किलोमीटर. खोली ठरवायला फोन कराल तेव्हा भाड्याच्या आधी एवढंच विचारा: यंदा तळ्यांत पाणी किती आहे?